उन्हाशिवाय रापलेले उंदीर

मे महिन्याची सुट्टी संपवून गावाहून कोल्हापूरला परतलं की पहिल्या रविवारी आमच्या न्हाणीघरात एक सोहळा व्हायचा. गाव भोगावतीकाठी, राधानगरी रस्त्याला. दीड-दोन महिने नदीत डुंबायचं, उसाच्या बांधावरनं पळायचं, भर दुपारी कैऱ्या पाडायच्या. आम्ही सगळी पोरं तव्याच्या बुडासारखी होऊन यायचो. थोरला भाऊ तसा झाला तर कुणाला काही वाटायचं नाही. माझ्यासाठी मात्र आज्जी पितळी वाटीत डाळीचं पीठ, हळद आणि सायीचा गोळा कालवून वाट बघत बसलेली असायची. बंबातलं कढत पाणी, अंगभर ते पीठ, आणि मग तिचा खरखरीत हात. कोपरं, गुडघे, मान. मान तर अशी घासायची की डोळ्यांतनं पाणी यायचं.

"आज्जी, मी हायेच काळी. घासून काय व्हायचं न्हाई."

"काळी कोण म्हणतो तुला? मी कवा म्हणलो? रापलीयास नुस्ती. निघंल."

(कोल्हापुरात बायका 'मी म्हणलो, मी गेलो' असंच बोलतात. पुण्याच्या मैत्रिणींना अजून गंमत वाटते.)

रापलेलं निघतं आणि काळं निघत नाही, हा फरक आज्जीनं माझ्या मानेवर शिकवला. निघालं काहीच नाही. पुढं मी रसायनशास्त्र शिकले, शिवाजी विद्यापीठातनं एम.एस्सी. केलं, बारावीच्या पोरांना शिकवायला लागले, तरी 'रापणं' हा शब्द माझ्यासाठी न्हाणीघरातलाच राहिला. तो प्रयोगशाळेत भेटेल असं वाटलं नव्हतं. भेटला तो आईच्या बीपीच्या गोळीमुळं.

गेल्या उन्हाळ्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरला. लाल अक्षरं, तीन उद्गारचिन्हं: बीपीच्या गोळीनं कातडीचा कॅन्सर होतो, ताबडतोब बंद करा. आईनं कुणाला काही विचारलं नाही. गोळी बंद केली, पण अशी की मला कळू नये. रोज सकाळी पाकिटातनं एक गोळी काढायची, हातात घ्यायची, आणि तुळशीला पाणी घालायच्या निमित्तानं शेजारच्या ओव्याच्या कुंडीत टाकायची. पाचव्या दिवशी महाद्वार रोडला भाजी घेताना तिला भोवळ आली. घरी आणून बघितलं तर बीपी १७० वर १००. संध्याकाळी कुंडीला पाणी घालायला गेले आणि मातीत पांढरे चुऱ्याचे ठिपके दिसले.

"मरायचं तर हायच की," आई म्हणाली, "पण बीपीनं मरतो मी. क्यान्सरनं न्हाई."

तिच्यावर चिडावं की हसावं कळेना. त्या रात्री मात्र मी बसून वाचलं. मेसेज अगदीच हवेतला नव्हता. आईच्या गोळीत दोन औषधं एकत्र आहेत, त्यातलं एक लघवी वाढवून दाब उतरवणारं, हायड्रोक्लोरोथायझाइड. १९५९ पासून वापरात असलेलं, स्वस्त, जगभर कोट्यवधी लोकांनी घेतलेलं. २०१७ च्या डिसेंबरात डेन्मार्कच्या संशोधकांनी आपल्या देशाच्या नोंदवह्या चाळून एक निबंध प्रसिद्ध केला. तिथं प्रत्येक माणसाची औषधं आणि प्रत्येकाचा कॅन्सर सरकारदरबारी नोंदलेला असतो. ज्यांनी हे औषध एकूण ५०,००० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतलं होतं, त्यांच्यात कातडीच्या एका प्रकारच्या कॅन्सरचं, स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचं, प्रमाण जवळजवळ चौपट निघालं. २,००,००० मिलिग्रॅमच्या पुढं तर सातपटीच्याही वर. हे औषध कातडीला उन्हासाठी हळवं करतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

चौपट म्हटल्यावर माझ्याही पोटात गोळा आला. मग कागद-पेन्सिल घेतली. ५०,००० मिलिग्रॅम म्हणजे रोज २५ च्या हिशेबानं २,००० दिवस, साडेपाच वर्षं. आईच्या गोळीत १२.५ आहे, म्हणजे तिला तिथवर पोचायला अकरा वर्षं लागणार. आणि चौपट कशाची? अमेरिकेत औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएनं २०२० च्या ऑगस्टमध्ये या गोळीच्या माहितीपत्रकात सावधगिरीची सूचना घातली, तेव्हा हिशेब दिला तो असा: हे औषध घेणाऱ्या १६,००० लोकांमागं वर्षाला एक जादा रुग्ण. गोऱ्या लोकांत, ५०,००० च्या वर गेलेल्यांत, ६,७०० मागं एक. त्याच सूचनेत हेही होतं की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी बंद करू नका, उन्हापासून जपा आणि कातडी तपासून घेत राहा. लाल अक्षरांच्या मेसेजात नेमकी हीच ओळ नव्हती.

आमच्या डॉक्टरांनी माझा कागद बघितला आणि म्हणाले, "डेन्मार्कची कातडी वेगळी, तुमच्या आईंची वेगळी. आणि डोक्यावर पदर आहेच की."

ही गोळी कारखान्यातली. झाडाची होती ती आज्जीची. लहानपणी तिच्या उशाशी बारक्या गोळ्यांची बाटली असायची आणि 'सर्पगंधाची हाय, आपली जुनी औषधी हाय, तिचं काय वंगाळ न्हाई' असं ती सगळ्यांना सांगायची. सर्पगंधाची गोष्ट खरोखर रंजक आहे, पण इथं थोडक्यात. बिहार-बंगालकडं वेडावर देत असलेली ही मुळी. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेडावर आणि रक्तदाबावर चालते असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी ५० रोग्यांवरच्या वापराचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, आणि मग जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातला कामाचा पदार्थ वेगळा केला, रिसर्पिन. डॉ. वकिलांना १९५७ चं लास्कर पारितोषिक मिळालं. आणि १९७४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन, ब्रिस्टल आणि हेलसिंकी अशा तीन ठिकाणांहून एकदमच बातमी आली की रिसर्पिन घेणाऱ्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसतंय. पुढच्या अभ्यासांत ते तसं टिकलं नाही. पण मन खिन्न करणं हा या औषधाचा अवगुण चांगलाच ठाऊक झाला. मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं, म्हणजे सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन, यांची कोठारंच ते रिकामी करतं. आज्जी शेवटची काही वर्षं गप्पगप्प असायची. त्यात आजोबा गेल्याचा वाटा किती आणि त्या बारक्या गोळीचा किती, आता कुणाला विचारणार? 'झाडाचं हाय, वंगाळ न्हाई' हे वाक्य ऐकलं की मला ती बाटली आठवते.

तर त्या रात्री मी वाचत गेले, झाडातनं आलेली रक्तदाबाची औषधं आणि कातडीचा कॅन्सर, असं काहीबाही शोधत, आणि जाऊन पोचले मुलुंडला.

मुलुंडला हेक्स्ट या जर्मन कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथं भारतातल्या वनस्पतींचे अर्क काढून ते जनावरांवर तपासायचं काम चालायचं. हृदयावर काय होतं, दाबावर काय होतं. त्यात कोलियस फोर्सकोली नावाच्या एका झुडपाच्या मुळांचा अर्क उजवा ठरला. दाब उतरायचा आणि हृदयाचा ठोका जोरकस व्हायचा. सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या पदार्थाची रचना १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. तोच फोर्सकोलिन. त्याच सुमाराला लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेतही याच झुडपातनं दाब उतरवणारा पदार्थ वेगळा काढला होता, त्याला त्यांनी कोलिओनॉल म्हटलं. पुढं ही दोन्ही नावं एकाच पदार्थाची ठरली. आणि झाडाला नाव ज्याचं, तो पीटर फोर्सकोल, झाडाझुडपांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचा शिष्य. वनस्पती गोळा करत अरबस्तानात गेला आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये मलेरियानं मेला. त्यावेळी तो तिशी-एकतिशीचा होता. नावं चिकटतात ती अशी.

हे झुडूप कुठल्या कुळातलं म्हणाल तर आमच्या कुंडीतल्या ओव्याच्या. ज्याच्या जाड लुसलुशीत पानांची आपण भजी करतो तो पानओवा या कोलियसचा सख्खा चुलत भाऊ. आईनं बीपीची गोळी टाकायला नेमकी तीच कुंडी निवडली होती. हे वाचून मी एकटीच रात्री दीड वाजता हसत बसले.

फोर्सकोलिन करतं काय, ते सांगायला जरा आत शिरावं लागेल. आपल्या पेशींना बाहेरनं निरोप येतात, हार्मोनचे वगैरे. यातले बरेच हार्मोन आत जात नाहीत, दारावरची कडी वाजवतात. कडी वाजली की घरातला एक माणूस उठतो आणि निरोप्याला स्वयंपाकघरात पिटाळतो. त्या घरातल्या माणसाचं नाव ॲडेनिलिल सायक्लेज आणि निरोप्याचं नाव सायक्लिक एएमपी. रक्तवाहिनीच्या स्नायूत हा निरोप्या वाढला की स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते, दाब उतरतो. १९८१ मध्ये अमेरिकेत सीमन आणि डेली यांनी दाखवलं की फोर्सकोलिन कडी वाजवायच्या भानगडीतच पडत नाही. ते परसदारानं आत येतं आणि घरातल्या माणसाला थेट गदागदा हलवून उठवतं. कडी असो, नसो, मोडकी असो.

ही 'मोडकी कडी' महत्त्वाची. कारण कातडीच्या रंगाचा कारभारही याच निरोप्यावर चालतो. ऊन लागलं की कातडीतल्या वरच्या पेशी एक हार्मोन सोडतात. तो रंगपेशींच्या दारावर जाऊन एमसी-वन-आर नावाची कडी वाजवतो. आत निरोप्या धावतो, आणि रंगपेशी काळसर तपकिरी मेलॅनिन बनवायला घेते. ते शेजारच्या पेशींना वाटलं जातं, आणि त्या पेशी ते आपल्या केंद्रकावर छत्रीसारखं धरतात, म्हणजे अतिनील किरण खाली डीएनएपर्यंत पोचू नयेत. यालाच आज्जी रापणं म्हणायची, आणि डाळीचं पीठ लावून ती छत्री खरवडून काढायला बघायची.

ज्यांचे केस तांबडे आणि कातडी पिठासारखी पांढरी, त्यांच्यात बऱ्याचदा ही कडीच मोडकी असते. हार्मोन येतो, वाजवतो, आत ऐकूच जात नाही. काळ्याऐवजी पिवळट-तांबूस रंग बनतो, त्याची छत्री होत नाही. ही माणसं उन्हात रापत नाहीत, भाजतात. कातडीचे कॅन्सर, त्यातला सगळ्यात वाईट मेलॅनोमासुद्धा, त्यांना जास्त होतात.

२००६ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात एक निबंध आला. लहान मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर जॉन डोराझिओ आणि बोस्टनच्या डाना-फार्बर कॅन्सर संस्थेतले डेव्हिड फिशर यांच्या गटाचा. त्यांनी मोडक्या कडीचे उंदीर घेतले. अडचण अशी की उंदरांच्या रंगपेशी बहुतेक करून केसांच्या मुळाशी असतात, माणसासारख्या वरच्या कातडीत नसतात. म्हणून असे उंदीर तयार केले ज्यांच्या कातडीत रंगपेशी माणसासारख्या वर टिकतील. मग त्यांच्या अंगाला फोर्सकोलिनचा लेप लावला. रोज. आणि उंदीर काळे झाले. दिवा नाही, ऊन नाही, काही नाही. पिंजऱ्यात बसल्या बसल्या रापले. नंतर त्यांच्यावर अतिनील किरण सोडले, तेव्हा लेप न लावलेल्या भावंडांपेक्षा या काळ्यांच्या डीएनएची नासाडी कमी झाली आणि गाठीही कमी आल्या.

निबंधातलं चित्र मी बराच वेळ बघत होते. एक फिक्कट उंदीर, एक काळा.

माझ्या मनात काय आलं ते प्रामाणिकपणे सांगते. विज्ञानाचं कौतुक नंतर आलं. आधी आली ती मानेवरची आग. आपल्याकडच्या झुडपाच्या मुळ्या, मुलुंडच्या प्रयोगशाळेत वेगळा केलेला पदार्थ, आणि तो बोस्टनला जाऊन उंदरांना काय देत होता, तर जे माझ्याकडं फुकट होतं आणि जे काढायला आज्जी दर सुट्टीनंतर साय खर्ची घालत होती ते. एक जुना आकडा आहे, १९७९ चा, फिलाडेल्फियातला. काळ्या अमेरिकनांची वरची कातडी स्वतःच सरासरी १३.४ एसपीएफची (सनस्क्रीनच्या बाटलीवर असतो तो आकडा), गोऱ्यांची ३.४ ची. आपण त्या दोन्हींच्या मधे कुठंतरी. बाटलीत भरून हे विकायचं म्हटलं तर किती रुपये लावतील?

लग्नाच्या वेळी माझ्या बायोडाटात 'वर्ण: निमगोरा' असं वडिलांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. मी म्हटलं, खोटं आहे हे. ते म्हणाले, निम म्हणजे किती ते कुठं लिहिलंय? पहिल्या स्थळाकडच्या मावशींनी पोहे खाता खाता माझा हात हातात घेऊन उलटा केला, तळवा बघितला आणि म्हणाल्या, "आतनं उजळ आहे." उसाच्या कांड्याबद्दल बोलावं तसं. इथं कुणीतरी लगेच विठ्ठल सावळा, कृष्ण सावळा असं म्हणायला लागतं. म्हणणारेच सून बघायला निघाले की विठोबाला घरीच ठेवून जातात.

असो. मूळ मुद्द्यावर येते, कारण फोर्सकोलिनची पुढची गोष्ट तितकी सरळ नाही. उंदराची कातडी पातळ. माणसाच्या कातडीतनं तो लेप नीटसा आत उतरला नाही. फिशर यांच्या गटानं मग वाट बदलली. २०१७ मध्ये त्यांनी दुसरेच, मुद्दाम घडवलेले बारके रेणू वापरले, निरोप्याच्याही पुढच्या टप्प्यावर काम करणारे. प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेल्या माणसाच्या कातडीच्या तुकड्यांवर त्यांनी रंग आणून दाखवला. डोराझिओंचा गट केंटकीत दुसऱ्या अंगानं गेला. सायक्लिक एएमपी वाढलं की रंगपेशी डीएनएची डागडुजीही जास्त चांगली करतात, असं त्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. म्हणजे आत गेलेला निरोप्या नुसती छत्री उघडायला लावत नाही, गवंड्यालाही हाक मारतो.

एवढ्यावरनं कुणी फोर्सकोलिनची डबी मागवू नये. हे मी उगाच लिहीत नाही. माझा भाचा तालमीत जातो. पहाटे जोर-बैठका, थंडाई, अंगाला लाल माती, सगळं व्यवस्थित. पण हल्ली तिथं पोरांच्या हातात कुस्तीच्या डावांइतकेच डबे असतात. वजन गटात बसायला म्हणून या पठ्ठ्यानं ऑनलाइन कॅप्सूल मागवल्या, 'फॅट बर्नर', आणि डब्यावर कोलियस फोर्सकोलीचं चित्र. नैसर्गिक, आयुर्वेदिक वगैरे. मी म्हटलं, अरे हे बीपी उतरवतं. बैठका मारून उठशील आणि आखाड्यातच पडशील. तो म्हणाला, "आत्ती, झाडाचं हाय ते. काय वंगाळ न्हाई." हुबेहूब आज्जी. दाबाची गोळी किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यानं तर हे असलं काही विचारल्याशिवाय तोंडात टाकूच नये.

मुळ्या नुसत्या खायच्या असतील तर गोष्ट वेगळी. गुजरीच्या मागं आमच्या ओळखीच्या एक गुजराती काकी राहतात, तीन पिढ्या कोल्हापुरात. मराठी अशी बोलतात की फोनवर ओळखू येणार नाही. त्यांच्याकडं माहेरहून बरणी येते, आंबट पाण्यात घातलेल्या बोटाएवढ्या मुळ्या. गरमर म्हणतात. मी ते नाव वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडं गेले. होय, तेच झुडूप. काकींना मी मुलुंड, बोस्टन, उंदीर, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मला ताटलीत दोन मुळ्या वाढल्या. करकरीत, किंचित कडसर, नंतर आल्यासारखी झणझण. "पन्नास वर्षं खाते मी," काकी म्हणाल्या. त्या दुधासारख्या गोऱ्या आहेत.

इथपर्यंत सगळं माझ्या बाजूचं चाललं होतं. काळी कातडी बरी, छत्री उघडी, गोऱ्यांनी आपलं बघावं. आणि मग धाकट्या काकांचा पाय आठवला.

काका दर चैत्रात जोतिबाला अनवाणी चालत जायचे. शेतातही अनवाणीच. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या खालच्या बाजूला एक काळा डाग होता, मसुराएवढा. त्याला ते भोवरी म्हणायचे. कधी ब्लेडनं तासायचे, कधी चुना लावायचे. डाग वाढला, एका बाजूनं फुटला, भळभळायला लागला, तरी भोवरीच. अखेर चुलत भावानं जबरदस्तीनं नेलं. तुकडा तपासणीला गेला. मेलॅनोमा. अंगठा काढावा लागला आणि जांघेतल्या गाठीही काढल्या.

आपल्याकडं मेलॅनोमा कमी होतो हे खरं. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो. जिथं कातडी सगळ्यात उजळ असते, जो भाग त्या मावशींनी उलटा करून बघितला होता. त्याचा उन्हाशी फारसा संबंध लावता येत नाही. तळपायाला ऊन कुठनं लागणार? बॉब मार्ली हा जमैकाचा गायक १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला तो अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलॅनोमानं. त्याला तो आधी फुटबॉलचा मुका मार वाटला होता. काकांना भोवरी वाटली. उंदरांना कितीही काळा लेप लावा, या कॅन्सरपुढं त्याचा उपयोग शून्य.

आणि दुसराही एक. १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डॉ. व. रा. खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी भारतात चालीरीतींमुळं होणाऱ्या कॅन्सरांवर निबंध लिहिला. त्यात धोतराचा कॅन्सर आहे. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी धोतर करकचून बांधून कातडी घासत जाते, रंग जातो किंवा काळवंडते, चरे पडतात, आणि क्वचित तिथं कॅन्सर उठतो. साडीखालच्या परकराच्या नाडीनंही तसंच होतं. ते वाचताना मला आज्जीची कंबर दिसली. तिला शेवटी अंघोळ मी घालायची. कमरेभोवती बोटभर रुंदीचा काळा, खरबरीत पट्टा होता, करदोडा बांधल्यासारखा. तो कधी बिघडला नाही, सुदैव. पण साठ वर्षं त्या पट्ट्यावर तिनं डाळीचं पीठ लावलं नाही, एवढं खरं. ते कुणाला दिसणार नव्हतं.

काका आता बरे आहेत. दर काही महिन्यांनी तपासणीला जातात, जोतिबाला बसनं. त्यांचा खरा वैताग वेगळाच आहे. कोल्हापुरी चप्पल अंगठ्यात अडकते, आणि अंगठाच नाही. चप्पल लाइनला दोन-तीन दुकानं फिरलो. एका म्हाताऱ्या कारागिरानं काकांचा पाय मांडीवर घेतला, बराच वेळ बघितला, काही विचारलं नाही. कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवली आणि म्हणाला, मागनं पट्टा देतो, दोन कान रुंद करतो, अंगठा नको. पंधरा दिवसांनी चप्पल मिळाली. करकर वाजते. काका म्हणतात, डाव्यापेक्षा उजवी बरी बसलीया.

मी घरातल्या सगळ्यांचे तळपाय बघितले त्या आठवड्यात. भाच्याचे, आईचे, लेकीचे, नवऱ्याचे. आरशात स्वतःचे. हसले सगळे. आईच्या टाचांच्या भेगा तेवढ्या सापडल्या.

आईची गोळी पुन्हा सुरू आहे. आता ती माझ्यासमोर घेते आणि पाण्याचा घोट घेतल्यावर जीभ काढून दाखवते. परवा तिला मी ते उंदरांचं चित्र दाखवलं. चष्मा पुसून तिनं लॅपटॉपच्या जवळ तोंड नेलं.

"ह्यो काळा कुठला?"

"लेप लावलेला. तो जास्त टिकाव धरतो उन्हात."

"बघायला पण बरा हाय," ती म्हणाली. "ह्यो दुसरा रोग झाल्यागत दिसतोय."

थोड्या वेळानं माझी लेक मैदानावरनं आली. कबड्डीचं शिबिर चालू आहे तिचं, मानेपर्यंत रापलेली. तिच्याकडं बघत आई उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि बाहेर आली ती हातात वाटी घेऊन. पितळी. त्यात डाळीचं पीठ. मी काही बोलणार एवढ्यात तिनंच माझ्यावर डोळे वटारले.

"पिठल्याला काढलंय. बघू नको तशी."